तापली की बंद पडते

"काल परत बंद पडली, अण्णा," रघुजी म्हणाला आणि जयसिंगरावांनी हातातला पाना खाली ठेवला.

ही सहावी खेप. यशवंतपुरात गाड्यांच्या वायरिंगचं दुकान चालवायला लागून त्यांना चाळीस वर्षं झाली होती, पण एकच गाडी एकाच दुखण्यासाठी सहा वेळा परत आली असं कधी घडलं नव्हतं. रघुजीचा ट्रक एकवीस वर्षांचा. सकाळी गुणी बाळासारखा चालायचा आणि दुपारी ऊन चढलं की होसूर रोडवर मुकाट बंद पडायचा. पंधरा मिनिटं सावलीत गेली की काही झालंच नाही अशा थाटात सुरू.

तापल्यावर दगा देणाऱ्या तारा जयसिंगरावांनी आयुष्यभर पकडल्या होत्या. इंजिनाशेजारून जाणारं जुनं वायरिंग त्यांनी उपटून नवं ओढलं. रिले बदलला, अर्थिंगची पट्टी घासूनपुसून आवळली, किल्लीचा स्विचही नवा बसवला. दर वेळी वाटायचं, सापडला चोर. आणि दर वेळी चोर सोडून संन्याशाला सुळी दिल्याचं दुसऱ्या दिवशी कळायचं.

"बंद पडते तेव्हा समोरचे दिवे जातात?" त्यांनी विचारलं.

"सगळं जातं."

"एकदम, की आधी मंद होतात?"

रघुजीनं मान खाजवली. "लक्षात नाही, अण्णा. मी बाजूला घ्यायच्या घाईत असतो."

हे आणखी एक कोडं. सहा वेळा बंद पडली, पण भर रस्त्यात एकदाही नाही. दर वेळी अगदी कडेला, जमलं तर झाडाखाली. "तुझ्यापेक्षा तुझी गाडी शहाणी," असं जयसिंगराव त्याला चिडवायचे. रघुजी हसायचा, पण ते हसू फार टिकायचं नाही.

कसं टिकणार? बोम्मसंद्र्याच्या ज्या कारखान्यात तो रोज लोखंडी पट्ट्या पोचवायचा, तिथल्या साहेबानं बजावलं होतं, आणखी एकदा रस्त्यात थांबलास तर उद्यापासून दुसरा ट्रक येईल. अठ्ठावन्नाव्या वर्षी रघुजीला नवं काम कोण देणार? बायको गेल्यापासून त्याला सकाळी उठवायला हा ट्रकच काय तो होता. जयसिंगरावांना त्याची फार कणव यायची.

परवा ते स्वतः ऐन दोन वाजता नेलमंगलापर्यंत ट्रक पिटाळून आले होते. इंजिनावर भाकरी भाजली असती इतकं ते तापलं, पण थांबलं म्हणून नाही. मग त्यांचा मुलगा गिरीराज म्हणाला होता, "काका, चार दिवस मी चालवतो की. माझ्या हातात बंद पडली तर कारण तरी कळेल."

"नको रे," रघुजी घाईनं म्हणाला. "दुसऱ्याला ती जुमानत नाही."

परवा तर चांगली जुमानली होती. जयसिंगरावांना काही उमगेना. पण जुना ड्रायव्हर आणि त्याची गाडी म्हणजे नवरा-बायकोच, मध्ये कुणी पडू नये, म्हणून त्यांनी विषय सोडला. आपलीच नजर आता अधू झाली की काय, ही शंका मात्र त्यांना दिवसभर कुरतडत होती.

आज त्यांनी शेवटचा उपाय काढला. या ट्रकमध्ये किल्ली फिरवली की करंट जाऊन डिझेलचा व्हॉल्व्ह उघडतो. करंट तुटला की डिझेल बंद आणि इंजिनही बंद. दोष मधल्या कुठल्याही तारेत असो, त्या सगळ्यांनाच वगळायचं. इंजिन चालू असतानाच त्यांनी बॅटरीपासून व्हॉल्व्हपर्यंत थेट तार जोडली. आता किल्लीच्या हाती काही उरलं नव्हतं. इंजिन थांबवायचं तर बॉनेट उघडून ती तार काढायला हवी. एका दिवसाच्या परीक्षेला तेवढं चालेल, असं त्यांनी ठरवलं.

"काय केलंत, अण्णा?" रघुजीनं केबिनमधून विचारलं.

"संध्याकाळी सांगतो."

गाडी पास झाल्याशिवाय काय केलं ते गाडीवाल्याला सांगायचं नाही, सांगितलं की दृष्ट लागते, ही त्यांच्या वस्तादाची शिकवण. रघुजीला ती ठाऊक होती.

"सरी, बरं," तो म्हणाला. मग जरा अडखळला. "मलाही तुम्हाला स्वल्प काही सांगायचं होतं."

"तूही संध्याकाळीच सांग," म्हणत जयसिंगराव वर चढून त्याच्या शेजारी बसले. आज सोबत जायचं त्यांनी ठरवलंच होतं.

पावणेदोनला ते होसूर रोडला लागले. केबिनची भट्टी झाली होती. रघुजी घामानं निथळत होता आणि सारखा पाणी पीत होता. जयसिंगरावांची नजर समोरच्या काट्यांवर. तापमानाची सुई चढत होती, पण करंटचा काटा जागचा हलत नव्हता.

"इथंच थांबायची ना रे?" एक पिंपळ दिसला तसं त्यांनी विचारलं.

"इथंच," रघुजी पुटपुटला.

पिंपळ मागे पडला आणि ट्रक पुढे निघाला. पुढचं वळण गेलं, पेट्रोल पंप गेला. जयसिंगरावांचा ऊर भरून आला. सहा खेपांचं ओझं उतरलं होतं, रघुजीचं काम वाचलं होतं आणि आपली नजरही शाबूत होती. आता वस्तादानं क्षमा करावी, असं म्हणत त्यांनी काट्यांवरची नजर न काढताच सांगून टाकलं, "डायरेक्ट केली मी तिला. आता काही झालं तरी ती थांबायची नाही."

मग त्यांनी हसत त्याच्याकडे वळून पाहिलं. रघुजीची बुबुळं वर गेली होती, मान खिडकीकडे कलली होती, आणि त्याचा सरावलेला हात चाचपडत किल्ली बंद करत होता, पुन्हा पुन्हा बंद करत होता.