बँकॉकमधली भाकर

"ही भाकर कुठली?" साखराबाईनं फोन डोळ्याजवळ नेत विचारलं.

बँकॉकच्या हॉटेलात बसलेल्या गहिनीनाथचा घास हातातच राहिला.

"हितलीच. हाटेलवाल्यानं करून दिली."

"परवा तर म्हनलात, हितं नुसत्या शेवया न् झिंगे हायेत, तुज्या हातच्या भाकरीवाचून जीव चाललाय."

"मग आली आसंल दया त्याला."

"न् गाल वर आलेत."

"हवा हाय हितली. समदे लई जपतेत मला. बसमधी खिडकीची जागा मलाच."

"कावून?"

"मान हाय माजा."

तेवढ्यात मागून कुणीतरी बोललं, "गहिनीनाथराव, एकटेच काय बसलात? या आमच्यात, मन रमंल." गहिनीनाथनं फोन पालथा घातला. पडद्यावर अंधार झाला न् फोन कटला.

सून योगिता बाजूला शेंगा फोडत होती. ती म्हणाली, "मामा बरे दिसले की, आत्या."

"तेच तर म्हनते. लईच बरे दिसले."

बीडच्या एका ट्रिपवाल्यानं जिल्हाभरातून शेतकरी गोळा करून नेले होते. युसूफ वडगाव या गावातून गेला तो एकटा गहिनीनाथ. खरं तर विमानाचा सोस साखराबाईला होता. आभाळातून विमान चाललं की ती हातातलं खुरपं थांबवायची, न् ते ठिपका होऊन दिसेनासं होईस्तोवर मान खाली करायची नाही. पण गहिनीनाथ म्हणाला, "बायांना नेत न्हाईत." मग ती काय बोलणार. तिनं त्याची बॅग भरून दिली.

आता भाकरीचं सांगायचं तर, भाकर तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात फिरवतात. त्यात बोटं उमटतात, न् प्रत्येक बाईची बोटं निराळी. साखराबाई नुसती भाकर बघून करणारी बाई सांगायची. एका लग्नात ताटातली भाकर बघून ती म्हणाली होती, ही करनारी रडत बसलीय. आत जाऊन बघितलं तर बाई खरंच चुलीपुढं रडत होती. साखराबाईची स्वतःची भाकर तर इतकी फुगायची की तवा दाबून धरावा लागायचा. केजचे लोक अजून सांगतात.

तर गहिनीनाथच्या ताटातल्या भाकरीवर तीन बोटं सरळ होती. चौथं मधेच वाकून बाहेर गेलेलं.

असं बोट गावात एकीचंच होतं. मागच्या आळीतली छबुबाई. मालक वारल्यावर कडबाकुट्टीत तिचं बोट सापडलं, ते वाकडंच जुळलं.

सकाळी साखराबाई छबुबाईच्या दारात. तिचा पोरगा बजरंग शेळ्या सोडत होता.

"आय कुठंय रं?"

"दिंद्रुडला. मावशीकडं."

"कवा यायची?"

"काकाचं इमान आलं की..." बजरंगनं जीभ चावली. "म्हंजे, मावशीला बरं वाटलं की."

"काय झालंय मावशीला?"

"कुठं काय झालंय?" बजरंग म्हणाला, न् शेळ्या दारातच सोडून एकटाच रानाकडं निघाला.

साखराबाई घरी आली. चहा समोर ठेवला तर त्यावर साय धरली, तरी तिनं कप उचलला नाही. इतकी वर्षं एका ताटात जेवलेला माणूस परमुलखात दुसरीच्या हातची भाकर खात होता, न् वर खोटं बोलत होता.

तिनं योगिताला गहिनीनाथला फोन लावायला सांगितलं. चित्र नको म्हणाली, नुसता आवाज.

"काय वो, छबुबाई दिसंना झालीय गावात."

"कोन छबुबाई?"

भिंतीला भिंत लागून नसली तरी एका आळीआडची बाई. साखराबाईनं "बरं, जेवा पोटभर" म्हणून फोन ठेवला. मग भिंतीवरच्या कॅलिंडरला अडकवलेलं ट्रिपवाल्याचं कार्ड काढलं. त्याचं नाव तानाजी.

"कोन बोलतंय म्हनून सांगू?" योगितानं विचारलं.

"तू काय बी सांगू नगं. हिकडं दे."

तिकडून गोड आवाज आला. साखराबाई म्हणाली, "मी युसूफ वडगावची. गहिनीनाथच्या भावकीतली."

"बोला की मावशी."

"आमच्या गावची छबुबाई तुमच्या ट्रिपमधी हाय का?"

"हाय तर. सैपाकाला नेलीय. आपली माणसं हौसंनं जातेत, न् दुसऱ्याच दिवशी भाकर मागतेत. म्हणून दर बारीला एक बाई नेतो आमी. पीठ, तवा समदं संगं. आमच्या मॅनेजर बाईच्याच खोलीत ऱ्हाती ती, काळजी करू नका."

साखराबाईच्या अंगातला विंचू उतरला. सैपाकाला. बाईच्या खोलीत. नवरा बिचारा बायकोच्या रागाला भिऊन बोलला नसंल. तिला मनातल्या मनात हसू आलं. फोन ठेवायचा तर ठेवता आला असता, पण भाकरीचा विषय निघाला न् ती गप बसली असं कधी झालं नव्हतं.

"पर छबुबाईच कावून निवडली? तिची भाकर तर कडंला चिरती."

"खरंय मावशी. आमाला बी ती नकोच व्हती," तानाजी म्हणाला. "तुमच्या गावची साखराबाई न्यायची ठरलं व्हतं. लई नाव ऐकलं व्हतं त्यांच्या भाकरीचं. त्यांना विचारायचं तेवढं ऱ्हायलं व्हतं. म्हणून गहिनीनाथरावांना विचारलं, तर त्यांची मालकीणच निघाली ती. डोळ्याला रुमाल लावला बिचाऱ्यांनी. म्हणले, साखराबाईला जाऊन वरीस झालं. तवापासून समदी ट्रिप जपतीय बघा त्यांना."

साखराबाईनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"लई गुणाची बाई व्हती म्हणं," तानाजी म्हणाला. "तुमच्या कोण लागायच्या त्या?"