खांद्याला गुण आला

सलूनवाल्या काकांचा खांदा इतका आखडला होता, की चार वेळा कात्री चालवली की हात खाली यायचा. तो विसावेपर्यंत काकांचं आख्यान रंगायचं. एका डोक्याला तास लागायचा, म्हणून घाईची गिऱ्हाइकं पांगली. घरी एकटे राहणारे निवृत्त मास्तर तेवढे दर महिन्याला न चुकता यायचे.

या खेपेला मात्र काकांनी दहाच मिनिटांत मास्तरांच्या अंगावरचं कापड झटकलं.

"झालंसुद्धा? अहो, आणि मागे अर्धी राहिलेली जावयाची गोष्ट?"

"पुन्हा कधीतरी, मास्तर! डॉक्टरांनी गोळ्या बंद करून दुखतं तिथंच, खांद्यात इंजेक्शन दिलंय. हात बघा कसा चालतोय!" काका बाकावर पुन्हा जमू लागलेल्या गिऱ्हाइकांच्या रांगेकडे वळले. "चला, पुढचं डोकं!"

"देव पावला म्हणायचा," मास्तर मनापासून म्हणाले. दारापाशी चपला घालताना मात्र त्यांनी हळूच विचारलं, "गुण किती दिवस टिकतो हो याचा?"

"चारेक महिने. मग बघू म्हणाले डॉक्टर."

 

"बरं. मग तोवर मी केस वाढवतो."