न वाजणारा फोन

युक्रेनहून आलेल्या बॅले कंपनीचा ओहायोत नाताळचा दुपारचा खेळ होता. मेकअपच्या खोलीत मुली बुटांना फिती शिवत बसल्या असताना स्लावाच्या फोनवरचं हवाई हल्ल्याच्या इशाऱ्याचं ॲप भोंग्यासारखं केकाटलं. तिकडे तिच्या गावावर पुन्हा हल्ला होऊ घातला होता. आईचा 'तळघरात पोचले' असा निरोप येईपर्यंत तिच्या जिवात जीव नसायचा. याच धास्तीपायी नाचताना तिचा पाय चुकू लागला होता आणि तिची मुख्य भूमिका यारिनाकडे गेली होती.

समोर यारिना शांतपणे त्या भूमिकेचा मुकुट चढवत होती. तिचा फोन अख्ख्या दौऱ्यात एकदाही वाजला नव्हता. स्लावाने छातीवर क्रूसाची खूण केली, पण मनातली जळजळ काही निवेना.

"तुझं बरंय बाई," ती म्हणाली. "इशाऱ्याचं ॲप बंद करून निवांत झोपायचं, आणि आयता मुकुट घालायचा."

यारिनाने आपला फोन पुढे केला. ॲप चालूच होतं, वर तिच्या गावाचं नावही होतं.



"आमच्या गावात भोंगा वाजवायलाही कोणी उरलं नाही गं, तुझा फोन वाजला की मला तुझा हेवा वाटतो."