रक्त न पाहिलेली मशीन

"चालू करून दाखवा," इंद्रजीत म्हणाला.

सुदर्शननं बोटात फिरवत असलेली जीपची किल्ली खिशात टाकली आणि भिंतीवरचं एक बटण दाबलं. पंखा लागला. दुसरं दाबल्यावर मशीन फिरू लागली.

लाकूड कापायची ती टेबलाएवढी मशीन जुनी होती, पण आवाज एकसारखा होता. पातं थरथरत नव्हतं. इंद्रजीतनं सागाची फळी लावली. फळी सरळ चिरली गेली.

"उजवीकडं जराशी ओढती," दारात उभी असलेली सुदर्शनची बायको मंजुषा म्हणाली. "पट्टी घट्ट करून घ्यायची."

"मी दादांना विचारतोय, वहिनी," इंद्रजीत हसून म्हणाला. काही बायकांना सगळ्यात तोंड घालायची सवयच असते.

वाळूजच्या कंपनीतलं कंत्राट संपल्यापासून तो स्वतःचं वर्कशॉप टाकायच्या मागे होता. नवी मशीन आवाक्याबाहेरची, आणि जुनीला आशाबाईंची, म्हणजे त्याच्या आईची, आडकाठी. त्याच्या वडिलांनीही जुनीच घेतली होती. त्या मशीननं आधी एकाचा हात घेतला होता, ते विकणाऱ्यानं लपवलं. वर्षाच्या आत वडिलांची बोटं गेली. पुढं मरेपर्यंत आईनंच त्यांना घास भरवला. म्हणून तिनं इंद्रजीतला देवासमोर शपथ घातली होती, रक्त पाहिलेली मशीन उंबऱ्याच्या आत आणायची नाही. शिकलेले लोक याला अडाणीपणा म्हणतात. म्हणोत बापडे. त्यांनी आपल्या बापाला कुणाच्या हातानं जेवताना पाहिलेलं नाही.

आणि खरं सांगायचं तर शपथ नसती तरी इंद्रजीतची छाती झाली नसती.

त्यानं वाकून टेबलाखाली पाहिलं. भुसा, कोळ्याची जाळी, बाकी काही नाही. पात्यावरचं झाकण मात्र नवंकोरं होतं. अख्ख्या मशीनवर तेवढंच नवं. काळजी घेणारा माणूस दिसतोय, त्याला वाटलं.

शेडच्या कोपऱ्यात एक देव्हारा अर्धवट पडला होता. एका दारावर नाजूक वेल कोरलेली, दुसरं दार सपाटच.

"काय हात आहे, दादा!" इंद्रजीत मनापासून म्हणाला. "खुलताबादेत असं काम करणारा माणूस असेल असं वाटलं नव्हतं."

सुदर्शन नुसता हसला. मंजुषा चहा आणायला घरात गेली.

ती आली तेव्हा पदर उजव्या हाताला गुंडाळलेला होता. गरम पातेलं उतरवलं असणार. कप तिनं डाव्या हातानं पुढं केला. पाहुण्याला डाव्या हातानं चहा! इंद्रजीतला राग आला, पण त्यानं कप घेतला. आपल्याला मशीनशी काम.

"मग विकताय कशाला?"

"आता नाय होत काम," सुदर्शन म्हणाला. "फर्दापूरला टुरिस्टांची ने-आण करतो. जीपवर भागतं."

"एकच विचारतो, खरं सांगा. हिनं कधी बोटबिट घेतलं का?"

सुदर्शननं दोन्ही पंजे त्याच्यासमोर धरले. "घ्या मोजून."

इंद्रजीतनं खरोखरच मोजली. दहाच्या दहा शाबूत. साधा वणसुद्धा नाही. तळवे तर कारकुनासारखे मऊ. मशीन असल्यावर घट्टे कशाला पडतील? घट्टे हातकरवतवाल्यांना.

"भाऊ, मला एक सांगायचंय," मंजुषा म्हणाली.

"तू आत जा," सुदर्शन तिच्याकडं न पाहता म्हणाला. "भांडी पडलीत."

ती हलली नाही. इंद्रजीतला तिची कीव आली. घरातली चांगली वस्तू चालली की बाईमाणूस हळवं होतंच.

"वहिनी, जीवावर आलंय ना? आमची आईबी अशीच. पण हा आम्हा पुरुषांचा व्यवहार हाय. तुम्ही नका त्यात पडू."

मंजुषानं आधी त्याच्याकडं पाहिलं, मग नवऱ्याकडं. तिच्या चेहऱ्यावरचं सगळंच विझून गेलं.

"बरं," ती म्हणाली. "नाय बोलत."

व्यवहार झाला. पैसे सुदर्शनच्या खिशात गेले. गल्लीतल्या चौघांनी हात लावून मशीन टेम्पोत चढवली. इंद्रजीतला आता धीर नव्हता. त्यानं तिथूनच आईला फोन लावला.

"आई, घेतली. पारखून घेतली. व्हय, व्हय, कोरी हाय. माणसाची बोटं मोजली मी, दहाच्या दहा."

पलीकडं आशाबाईंना रडू फुटलं. एवढ्या वर्षांचं काहीतरी त्यांच्या छातीवरून उतरलं असावं. मग नाक ओढत त्यांनी बजावलं, तशीच नको आणू, पुजून आण. इंद्रजीतचेही डोळे भरून आले. त्यानं फोन ठेवला आणि सुदर्शनला हाक मारली.

"दादा, आमच्या घरात एक रीत हाय. हत्यार दुसऱ्याच्या घरी निघालं की ज्यानं ते चालवलं, त्यानंच शेवटचं कुंकू लावायचं. तेवढं करा, की मी निघालो."

"त्यात काय एवढं," सुदर्शन म्हणाला आणि देवघरातून करंडा घेऊन आला. त्यानं झाकण उघडलं. टेम्पोवाल्यानं गाडी सुरू केली.

"सरका," मागून मंजुषा म्हणाली. "मशीन मी चालवली. कुंकू मीच लावणार."

तिनं उजव्या हाताचा पदर सोडला आणि पात्यावरच्या नव्या झाकणाला अंगठ्यानं कुंकू लावलं. त्या हाताला तेवढंच एक बोट उरलं होतं.