जेली घट्ट होईपर्यंत

जेलीचा लाल थर अजून बोटाला चिकटत होता. ताईने केकचं भांडं पुन्हा फ्रिजमध्ये सरकवलं. तो घट्ट झाल्याशिवाय त्यावर नारिंगी ओतता येत नव्हता.

"सारखं दार उघडू नका हो ताई," भावजय म्हणाली. "जेलीलासुद्धा लाज वाटत असेल."

ताईला हसू फुटलं. किती दिवसांनी या स्वयंपाकघरात दोघी हसत होत्या! हिवाळ्यात याच ओट्यापाशी कडाक्याचं भांडण झालं होतं. त्याआधी आई पडली, तिच्या खुब्याचं हाड मोडलं, आणि तेव्हापासून आईचं सगळं ताईच करत होती. उठवणं, बसवणं, अंघोळ, औषधं. त्यापायी तिने शिवणाचा क्लास बंद केला. कमरेला पट्टा बांधून ती आईला उचलायची. धाकट्या भावाने वृद्धाश्रमाचं नाव काढलं, तेव्हा ती त्याच्या अंगावर धावून गेली होती. "मी मेल्यावर ठेव तिला तिथे!" शेवटी त्याने शब्द दिला, "तुला विचारल्याशिवाय काही करणार नाही." मग अबोला.

म्हणून परवा त्याचा फोन आला, तेव्हा ती लगेच विरघळली. "कॉलनीचा वसंत मेळावा आहे ताई. तुझा तो रंगीबेरंगी केक कर ना. आम्ही दोघं सकाळीच येतो."

केक किचकट होता. गोल केक आतून कोरायचा, कडा फुटू द्यायच्या नाहीत, आणि त्या पोकळीत जेलीचे थर भरायचे. जेली कढत ओतली तर खालचा थर वितळून रंगांचा काला होतो. फार थंड झाली तर ती वाटीतच घट्ट होते. भावजय रंग ढवळून देत होती, ताई ओतत होती. मधे भावजयीने स्वयंपाकघराचं दार ओढून घेतलं. "गार राहू दे जरा," ती म्हणाली.

पिवळा थर बसत आला होता, तेव्हा भावाने आईला चाकांच्या खुर्चीवरून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आणलं. आईने ठेवणीतले कपडे घातले होते. केस नीट विंचरलेले.

"आईला पुढे नेतो," तो म्हणाला. "मैदानावर जरा ऊन खाईल. तू केक घेऊन ये मागून."

"थांब ना, सगळेच जाऊ."

"घाई करू नकोस, चिमे," आई म्हणाली. "हिरवा नीट घट्ट होऊ दे. घाईत केलास की तोच दगा देतो."

आणि तिने ताईचा हात हातात घेतला. सोडेचना.

"अगं, साखर लागेल तुला," ताई म्हणाली आणि हात सोडवून घेऊन फ्रिजकडे वळली.

मैदानावर झाडांना पताका लावल्या होत्या. लांब टेबलावर ज्याचे त्याचे पदार्थ मांडले होते. ताईने क्रीम फासलेला पांढराशुभ्र केक मधोमध ठेवला आणि सुरी चालवली. पहिली फोड बाहेर आली. लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा. एक थर दुसऱ्यात मिसळलेला नव्हता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शेजारचे काका म्हणाले, "हा खायचा की भिंतीवर लावायचा?"

दुसरी फोड ताईने आईसाठी कापली. बशी हातात घेऊन ती उन्हातल्या खुर्च्यांपाशी गेली. मग सावलीतल्या. आई कुठेच नव्हती. फाटकातून भाऊ आत येताना दिसला. एकटाच.

"आई कुठाय?"

"ताई, तू आधी बस."

"आई कुठाय?"

"सोडून आलो. तिकडे." त्याने मान खाली घातली. "आजपासून खोली मिळाली."

ताईने मागे उभ्या भावजयीकडे पाहिलं. भावजय रडत होती. ओढून घेतलेलं दार, सकाळचं हसू, सगळ्याचा अर्थ ताईला एकदम लागला. दार आड करून आईचं सामान बाहेर काढलं होतं, आणि ती मात्र आत वाटीतले रंग बघत बसली होती.

"मला जेलीच्या राखणीला बसवलंत," ती म्हणाली. तिचा आवाज चढलासुद्धा नाही. भाऊ गाडी आणतो म्हणाला. ती त्याच्या गाडीत बसली नाही. रस्त्यावर मिळेल ते वाहन तिने पकडलं.

वृद्धाश्रमाच्या खोलीत दोन खाटा होत्या. एका खाटेवर कुणी म्हातारी विणत बसली होती. खिडकीपाशी आई. ताईने कपाट उघडलं आणि आईचे कपडे भराभर पिशवीत कोंबायला सुरुवात केली.

"चल घरी. त्या दोघांनी मिळून माझा केसाने गळा कापला. आणि मी येडी, त्यांच्याबरोबर खिदळत होते!"

आईने तिच्या हातातली पिशवी ओढून घेतली आणि मांडीवर घट्ट धरली.

"कमरेवर हात दाबून कण्हतेस, ते रोज ऐकते मी," ती म्हणाली. "त्या दोघांना बोल लावू नकोस. तुला दिलेला शब्द मोडायला तो तर शेवटपर्यंत नको नको म्हणत होता."

"मग?"

आईने तिच्याकडे पाहिलं नाही.

"तिला केकात गुंतव, असं मीच सांगितलं त्याला. तू दारात उभी असतीस, तर माझा पाय निघाला नसता."