आवाज न करणारा स्क्रू

“दोन्ही जुन्या शोधांची हरकत आपण पार केली,” इशिगुरो बाई म्हणाल्या, पण त्यांनी फाइल मिटली नाही.

तेत्सुजी मियासाका खुर्चीच्या कडेला बसून होते. ओकायाहून सकाळच्या गाडीनं ते मात्सुमोतोला आपल्या पेटंट वकिलीणबाईंकडे आले होते. मांडीवर कापडात बांधलेला खोका होता. त्यात मुलानं घडवलेला बॉल स्क्रू.

अशा स्क्रूवर नट सरकतो तो पोलादी छर्‍यांवरून, आणि पुढे गेलेले छर्रे पुन्हा मागे आणावे लागतात. पहिल्या जुन्या शोधात ते बाहेरच्या वाकड्या नळीतून परत येत. दुसऱ्यात नटाच्या टोपीवर आदळून आत वळत. दोन्हींत खडखडाट. नोबुताकानं टोपीच्या आत नखाएवढी एक जीभ बसवली होती. “छर्‍याला वळवायचं नाही, बाबा,” तो म्हणायचा. “तो जिकडे निघालाय तिकडेच अलगद उचलायचा.” त्याचा स्क्रू फिरायचा तेव्हा तेलाचा वास तेवढा यायचा.

हा फरक आता पेटंट कार्यालयालाही पटला होता. प्रमाणपत्रावर संशोधक म्हणून नोबुताकाचं नाव लागायचं तेवढं बाकी होतं. तो जाऊन साडेतीन वर्षं झाली होती. अर्ज त्याच्या दुसऱ्या स्मृतिदिनी केला होता. त्याच दिवशी करायचा म्हणून तेत्सुजीच थांबले होते.

“मग अडलं कुठे?”

“कार्यालयाकडे कुणीतरी निनावी माहिती पाठवलीय. अर्जाच्या खूप आधी हाच नट बाहेरच्या लोकांच्या हातात होता म्हणे. तसं असेल तर तो नवा राहत नाही, मग शोध कितीही चांगला असो. फोटो जोडलेत, ते आले की तुम्हाला पाठवते. मियासाका-सान, नीट आठवून सांगा. अर्जाआधी हा कुणाला दाखवला होता?”

“घरच्या माणसांपलीकडे कुणाला नाही.”

“नक्की?”

“मी त्याचा बाप आहे हो. फेरीवाला नाही.”

इशिगुरो बाईंनी मान खाली घातली. खोक्यावर ब्रशनं लिहिलेल्या मुलाच्या नावाकडे बघत त्या म्हणाल्या, “किती सुरेख अक्षर आहे तुमचं!”

“हात रिकामा असला की लिहीत बसतो,” तेत्सुजी म्हणाले आणि खोका पुन्हा बांधू लागले.

घरी सून वाटच पाहत होती. “नाव लागेल ना, बाबा?” कनाएनं विचारलं. त्यांनी नट-स्क्रू खोक्यातून काढून देवघरात, नोबुताकाच्या तसबिरीपुढे ठेवला. शेवटच्या हिवाळ्यात इस्पितळातून घरी येऊन त्यानं असे चाळीस केले होते. घरात आता हा एकच. तो गेल्यानंतरचे महिने तेत्सुजींच्या आठवणीत धूसरच होते.

बाहेरचा म्हणावा असा एकच माणूस त्यांना आठवत होता. आटे घासायचं काम कालव्यापलीकडे, कोगुचीच्या गाळ्यात झालं होतं. कोगुची त्यांच्या शाळेपासूनचा दोस्त.

“ये रे, तेत्सु!” कोगुची मशीन पुसता पुसता म्हणाला. “तोंड का असं? लेथनं बोट खाल्लं की काय?”

“किती जणांना दाखवलास?”

“काय?”

“नोबुताकाचा नट. टोकियोच्या पेटंट कार्यालयाला निनावी पत्र गेलंय. तुझ्याशिवाय कुणाच्या हातात होता तो?”

कोगुचीनं चिंधी खाली ठेवली. दोन पावलं मागे सरला आणि भिंतीवरच्या फळीला, तिथलं काही झाकावं तशी, पाठ लावून उभा राहिला.

“पत्र मी नाही पाठवलं.”

“मग बढाई मारायला दाखवला असशील.”

“नाही. तेत्सु, ऐक माझं. सोडून दे तो अर्ज. पोराचे हात काय होते ते अख्ख्या ओकायाला ठाऊक आहे. कागद कशाला हवाय तुला?”

“चोराची सोय व्हावी म्हणून सोडू?” तेत्सुजींचा आवाज चिरकला. “एकोणपन्नासाव्या दिवसाच्या श्राद्धाला पोराच्या नावानं जेवलास. ढसाढसा रडलास. सगळ्यांसारखी दुखवट्याची परतभेट काखेत मारून गेलास. आणि आता हे!”

कोगुचीनं एकदम वर पाहिलं.

“हो,” तो हळूच म्हणाला. “घेऊन गेलो. सगळेच घेऊन गेलो.”

तेत्सुजी दाराकडे वळले.

“माझ्या दारात पुन्हा पाऊल टाकू नकोस. मी मेलो तरी.”

“बरं,” कोगुची म्हणाला. फळीपासून तो हलला नाही.

चार दिवसांनी बर्फ पडलं. सकाळी तेत्सुजींनी दार उघडलं तर पायवाटेवरचं बर्फ कुणीतरी लोटून बाजूला केलेलं. साठ वर्षांत एकच माणूस हे करत आला होता. तेत्सुजींनी फावडं घेतलं आणि ते सगळं बर्फ पुन्हा दारात ओढलं.

त्याच दुपारी मात्सुमोतोहून पाकीट आलं. कनाएनं कात्रीनं कडा कापली आणि फोटो टेबलावर मांडले. तेत्सुजींनी चष्मा लावला. आता पाहूच, कुणाच्या गाळ्यातला आहे तो.

पहिल्या फोटोत गाळा नव्हता. पांढरा खोका होता, दुखवट्याच्या काळ्या-पांढऱ्या दोरीनं बांधलेला. दुसऱ्यात खोका उघडा, आत स्क्रूवर चढवलेला नट, टोपीतली जीभ स्पष्ट दिसेल असा ठेवलेला. तिसरा नुसत्या झाकणाचा होता. तो पाहून कनाएनं तोंडावर हात ठेवला.

झाकणावर ब्रशनं लिहिलं होतं: ‘नेहमीच्या चहा-टॉवेलाऐवजी परतभेट म्हणून नोबुताकाचं शेवटचं काम देत आहे. घरी नेऊन फिरवून पाहा. आवाज येत नाही.’ खाली एकोणपन्नासाव्या दिवसाची तारीख, अर्जाच्या जवळजवळ दोन वर्षं आधीची.

अक्षर तेत्सुजींचं होतं.