उतरलेले फ्लॅप

दातांच्या डॉक्टरांच्या चिमुकल्या लढाऊ विमानाला गेल्या वर्षी मॉडेलच्या प्रदर्शनात पहिलं बक्षीस मिळालं, आणि तेव्हापासून मेहुण्याने त्यांचं डोकं खाल्लं होतं. "भावोजी, उभ्या विमानाचे फ्लॅप वर असतात. तुमच्या पंखांमागच्या पट्ट्या खाली लोंबताहेत." डॉक्टर दर वेळी आपल्या अभ्यासाचा हवाला देत. खरं तर गोंद ओला असताना त्यांना शिंक आली होती आणि दोन्ही पट्ट्या सरकल्या होत्या. हे त्यांनी बायकोलाही सांगितलं नव्हतं.

शेवटी मेहुणा त्यांना हाताला धरून विमानांच्या संग्रहालयात घेऊन गेला. तिथे नुकतंच दुरुस्त केलेलं खरं विमान उभं होतं, आणि त्याचे फ्लॅप खाली होते. डावा उजव्यापेक्षा किंचित जास्तच. मेहुण्याचा चेहरा पडला. डॉक्टरांनी मुद्दाम मोठ्या आवाजात मेकॅनिकला विचारलं, "काय हो, हे असेच असतात ना?"

 

"असणारच," मेकॅनिक हात पुसत म्हणाला. "जुनी ड्रॉइंग्ज सापडेनात, म्हणून बक्षीस मिळालेल्या एका मॉडेलचा फोटो समोर ठेवून बसवलेत. त्या माणसाचा अभ्यास दांडगा आहे, साहेब."